मूळ संचाचा आवाज कोणाचा?

३१ डिसेंबर २०१० च्या मध्यरात्री लंडनमधल्या एका जुन्या रेकॉर्डवरची मालकी संपली. 'ऑलिव्हर!' या संगीत नाटकाच्या मूळ संचाची ती रेकॉर्ड. डेक्का कंपनीने ती १९६० साली काढली होती, आणि ब्रिटनच्या तेव्हाच्या कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या वर्षअखेरीपासून पन्नास वर्षे टिकत असे. १ जानेवारी २०११ उजाडला तेव्हा ब्रिटनमध्ये कोणालाही ती रेकॉर्ड पुन्हा काढता येणार होती. डेक्काला विचारायला नको, पैसे द्यायला नकोत. गाणी मात्र मोकळी झाली नव्हती. त्यांचे शब्द आणि चाली लायनेल बार्टच्या. बार्ट १९९९ मध्ये गेला, आणि कर्त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे चालतो. एकाच तबकडीत अशा दोन मालकी नांदतात. एक गाण्याची; दुसरी ते गाणे त्या दिवशी स्टुडिओत ज्या गळ्यातून, ज्या वाद्यांसह उमटले त्या उमटण्याची.

दुसरी मालकी संपली आणि पहिली चालू राहिली, या फटीतून जुन्या ब्रिटिश संगीत नाटकांचा एक अख्खा खजिना पुन्हा बाजारात आला. सेपियासारख्या छोट्या लेबलांनी मालकी संपलेल्या रेकॉर्डी साफ करून सीडीवर काढल्या. स्टेज डोअरसारख्या लेबलांनी मूळ कंपन्यांकडून परवानगी घेऊन, हक्क जिवंत असलेल्या रेकॉर्डीही काढल्या. जी नाटके आयुष्यात बघायला मिळणार नाहीत ती निदान कानांनी गाठता आली. तरीही हे सारे योग्य झाले का, हा प्रश्न हातावेगळा करता येत नाही. मूळ कंपन्यांचे म्हणणे आहे, कलाकारांचे आहे, छोट्या लेबलांचे आहे. प्रत्येकाच्या म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच ते नीट तोलून पाहायला हवे.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. रंगमंचावरची गाणी त्याच गायकांकडून तबकडीवर घेण्याची कल्पना अमेरिकेत 'ओक्लाहोमा!'पासून, म्हणजे १९४३ पासून सुरू झाली असे पुष्कळदा सांगतात. लंडनने ती चार दशके आधीच केली होती. लेस्ली स्टुअर्टच्या 'फ्लोरोडोरा'ची गाणी मूळ संचातल्या गायकांच्या आवाजात १९०० साली बर्लिनरच्या तबकड्यांवर आली. त्या काढणाऱ्या लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा मुख्य ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग. हाच गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला उतरला आणि त्याने गौहर जानचा आवाज मुद्रित केला. पुढे बालगंधर्वांची पदे ज्या तबकड्यांवर घरोघर पोचली त्याही याच कंपनीच्या. वेस्ट एंडचे गाणे आणि आपले नाट्यपद यांच्या वाट्याला एकच यंत्र आले, आणि त्याबरोबर एकच जाचही: तीन-साडेतीन मिनिटांत आटपा. वन्समोअर घेत रात्र रंगवणारे पद त्या मापात कसे बसवले असेल, हे ज्याने जुनी नाट्यपदे ऐकली आहेत त्याला वेगळे सांगायला नको. आयव्हर नॉव्हेलोची 'ग्लॅमरस नाइट', 'द डान्सिंग इयर्स' ही भव्य संगीत नाटके अशीच तुकड्यातुकड्यांनी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर शिल्लक आहेत. १९५० नंतर एलपी आली आणि पाऊण तासाची सलग जागा मिळाली. अडीच तासांच्या नाटकाला तीही अपुरीच होती.

म्हणून मूळ संचाची रेकॉर्ड म्हणजे नाटक असे कोणी समजू नये. ती नाटकाची साक्ष आहे, आणि साक्षीत असतात तशा तिच्यात गाळलेल्या जागा आहेत. 'मूळ संच' हे शब्दसुद्धा जपून वापरावे लागतात. सँडी विल्सनचे 'व्हॅल्मथ' २ ऑक्टोबर १९५८ रोजी हॅमरस्मिथच्या लिरिक थिएटरात उभे राहिले तेव्हा त्यातल्या मालिशवालीच्या भूमिकेत बर्टिस रीडिंग होती. जानेवारी १९५९ मध्ये नाटक वेस्ट एंडच्या सॅव्हिल थिएटरात गेले आणि भूमिका क्लिओ लेनकडे आली. पाय कंपनीच्या रेकॉर्डवर उमटली ती क्लिओ लेन. बर्टिस रीडिंगने १९८२ च्या चिचेस्टरमधल्या प्रयोगात ती भूमिका पुन्हा केली, तेव्हा कुठे या भूमिकेतला तिचा आवाज रेकॉर्डवर आला. जिने भूमिका घडवली तिची साक्ष चोवीस वर्षे उशिरा नोंदवली गेली.

साक्ष अपुरी असली तरी दुसरी कोणती साक्ष आहे? 'ऑलिव्हर!'वर चित्रपट झाला, १९६८ सालचे सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर त्याने मिळवले, रॉन मूडीचा फेगिन त्यात जपला गेला. नॅन्सी मात्र बदलली. रंगमंचावर ती जॉर्जिया ब्राउन होती, चित्रपटात शॅनी वॉलिस आली. जॉर्जिया ब्राउनच्या आवाजातला तो लंडनच्या ईस्ट एंडचा खरखरीत, जखमी जिव्हाळा कळायचा तर रेकॉर्डच लावावी लागते. 'ऑलिव्हर!' हे तरी २,६१८ प्रयोग झालेले नाटक. ते विसरले जाणार नव्हतेच. जी नाटके पडली त्यांचे काय? पीटर ग्रीनवेल आणि पीटर वाइल्डब्लड यांचे 'द क्रुकेड माइल' १९५९ मध्ये केंब्रिज थिएटरात आले आणि काही महिन्यांत उतरले. त्यात एलिझाबेथ वेल्च होती, मिलिसेंट मार्टिन होती. डॉक्टर क्रिपनच्या खून प्रकरणावर माँटी नॉर्मनने केलेले 'बेल' १९६१ मध्ये काही आठवडेच टिकले. ही नाटके आता पूर्ण वाद्यमेळासह कोण उभी करणार? रेकॉर्ड निघाली म्हणून ती आहेत. ज्यांची निघाली नाही ती गेली. याच माँटी नॉर्मनने नायपॉलांच्या 'अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास'वरच्या, कधी रंगमंचावर न आलेल्या संगीत नाटकासाठी एक चाल बांधली होती. पुढे जेम्स बाँडच्या चित्रपटासाठी त्याने ती खणातून बाहेर काढली आणि ती जगभर गेली. खणात राहिलेल्या बाकीच्या चाली कोणाला माहीत आहेत?

यात भर म्हणजे ब्रिटनमध्ये छापील पुस्तकाची प्रत ब्रिटिश लायब्ररीकडे जमा करणे बंधनकारक आहे, ध्वनिमुद्रणाची नाही. ब्रिटिश लायब्ररीचा ध्वनिसंग्रह मोठा आहे, पण तो कंपन्यांच्या इच्छेवर, देणग्यांवर आणि वेड्या संग्राहकांच्या कपाटांवर उभा राहिला आहे. अशा परिस्थितीत जुनी रेकॉर्ड पुन्हा काढणे हे जपणुकीचे काम ठरते. छोट्या लेबलांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच.

आता मूळ कंपन्यांची बाजू. स्टुडिओ, तंत्रज्ञ, तीस-चाळीस वादक, रविवारची सुट्टी सोडून आलेला पूर्ण संच, हा सगळा खर्च डेक्काने, एचएमव्हीने, पाय कंपनीने, ओरिऑलने केला. नाटक पडले तर तो बुडाला. मूळ टेपा वर्षानुवर्षे योग्य तापमानात सांभाळायलाही पैसे लागतात. पन्नास वर्षांनी कोणीतरी बाजारातून एक बऱ्या अवस्थेतली एलपी विकत घेतो, ती वाजवून संगणकात उतरवतो आणि सीडी काढतो. कंपनीला यात अन्याय वाटला तर ते समजण्यासारखे आहे. आणखी एक गोष्ट तिच्या बाजूने सांगायला हवी: मूळ टेप तिच्याकडेच असते. एलपीवरून उतरवलेला आवाज कितीही घासूनपुसून घेतला तरी टेपेवरच्या आवाजाला गाठू शकत नाही. चांगली पुनर्मुद्रणे जिथे झाली तिथे बहुधा कंपनीने कपाट उघडून टेप हाती दिली होती. परवानगीचा रस्ता लांबचा असला तरी त्याच्या शेवटी मिळणारा आवाज सरस असतो.

पण ते कपाट उघडायलाच नकार दिला तर? 'बेल'ची हजारभर माणसे गिऱ्हाईक असतील. मोठ्या कंपनीच्या हिशेबात हजार प्रतींना स्थान नाही, आणि त्यात कंपनीचा दुष्टपणा नाही, तिचा आकारच तसा आहे. दहा नाटकांतली दोन ती पुन्हापुन्हा काढते, आठ तळघरात राहतात. त्या आठांसाठी मालकीची मुदत म्हणजे फक्त कुलूप. आतली वस्तू विकायची नाही आणि दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. इथे माझा कौल स्पष्टपणे छोट्या लेबलांकडे झुकतो.

कलाकारांचा मुद्दा जास्त नाजूक आहे, आणि भावनेच्या भरात तो बाजूला सारता येत नाही. तरुणपणी मुद्रित केलेल्या गाण्यांचे उत्पन्न आपण म्हातारे झालो असताना, ऐन गरजेच्या काळात बंद का व्हावे, असा सवाल करत क्लिफ रिचर्डसारख्या गायकांनी मुदत वाढवण्याची मोहीम चालवली. २००६ मध्ये ब्रिटिश सरकारने नेमलेल्या गॉवर्स समितीने वाढ नको असा अभिप्राय दिला होता. तरी युरोपीय संघाने २०११ मध्ये निर्देश काढला आणि १ नोव्हेंबर २०१३ पासून ब्रिटनमध्ये पन्नासाची मुदत सत्तर झाली. त्या निर्देशात दोन चांगल्या गोष्टी आहेत. एकरकमी मानधन घेऊन हक्क सोडलेल्या वादक-गायकांसाठी वाढीव वर्षांतल्या उत्पन्नाचा २० टक्के हिस्सा बाजूला काढायचा. आणि पन्नास वर्षांनंतर कंपनी रेकॉर्ड लोकांना पुरेशी उपलब्ध करून देत नसेल तर कलाकाराने नोटीस द्यायची. वर्षभरात सुधारणा झाली नाही तर करार मोडता येतो आणि ध्वनिमुद्रणावरचा हक्कच संपतो. वापरा नाहीतर सोडा, असा हा नियम.

हा नियम मला सगळ्या कायद्यातला सर्वांत शहाणा भाग वाटतो. अडचण एवढीच की नोटीस कोणी द्यायची तर कलाकाराने. १९६३ च्या कोरसमधली मुलगी आज नव्वदीला टेकलेली. तिने वकील गाठून कंपनीला नोटीस धाडावी ही अपेक्षा कागदावर ठीक आहे. अनेकजण हयातही नाहीत.

आणि कलाकाराचे भले मुदतीच्या लांबीवर अवलंबून असते का, याबद्दल बार्टचे आयुष्य विचार करायला लावते. त्याला स्वरलिपी लिहिता येत नव्हती. तो चाल गुणगुणायचा आणि दुसरे ती कागदावर उतरवायचे. 'ऑलिव्हर!'ने त्याला अमाप पैसा दिला. मग 'ट्वँग!!' हे १९६५ चे नाटक तोंडावर आपटले, ते वाचवायला त्याने स्वतःचा पैसा ओतला, आणि त्या ओढाताणीत 'ऑलिव्हर!'वरचे आपले हक्क किरकोळ रकमेला विकून टाकले. १९७२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. कायद्याने त्याला मृत्यूनंतर सत्तर वर्षांचे संरक्षण दिले होते; जिवंतपणी त्यातले काहीच त्याच्या हाती नव्हते. १९९४ मध्ये निर्माता कॅमेरन मॅकिंटॉशने पॅलेडियमला 'ऑलिव्हर!' पुन्हा आणले तेव्हा त्याने आपणहून बार्टला उत्पन्नातला वाटा दिला. त्याला वाचवले ते एका माणसाच्या सद्भावनेने. कलाकारांची काळजी असेल तर पहिल्या दिवशीचा करार सुधारायला हवा. सत्तराव्या वर्षाची तारीख पुढे ढकलून ती काळजी मिटत नाही.

मुदतीचा नकाशा तर आणखी विचित्र. २०१३ च्या बदलाने आधीच मोकळ्या झालेल्या रेकॉर्डी पुन्हा बांधल्या नाहीत. म्हणून १९६२ पर्यंतच्या, म्हणजे 'सॅलड डेज', 'व्हॅल्मथ', 'स्टॉप द वर्ल्ड', 'ब्लिट्झ!' मोकळ्या. १९६३ च्या बंद. ब्रिटिश संगीत नाटकाच्या भरभराटीच्या ऐन मध्यावर ही रेघ ओढली गेली. शिवाय ती फक्त युरोपातली. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार १९५७ ते फेब्रुवारी १९७२ मधल्या ध्वनिमुद्रणांना २०६७ पर्यंत संरक्षण आहे, त्यामुळे ब्रिटनमध्ये २०११ पासून खुली असलेली तीच 'ऑलिव्हर!' न्यूयॉर्कमध्ये अजून चार दशके बंदिस्त. भारतात मुदत साठ वर्षांची; इथे १९६० ची रेकॉर्ड २०२१ पासून खुली. एचएमव्हीने १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये मुद्रित केलेले शास्त्रीय संगीत, जे ब्रिटनमध्ये मोकळे झाले होते, ते नॅक्सोस या लेबलाने स्वच्छ करून अमेरिकेत विकले, आणि २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च राज्य न्यायालयाने तिथे हक्क जिवंत असल्याचा निकाल दिला. छोट्या लेबलाने सीडी काढायची म्हटली की आधी देशोदेशीच्या तारखा जुळवत बसायचे. यातून कोणत्या कलाकाराचे भले होते ते मला दिसत नाही.

कायद्यापेक्षा मला जास्त जवळचा प्रश्न आवाजाचा आहे. 'सॅलड डेज' घ्या. ज्युलियन स्लेड आणि डोरोथी रेनल्ड्स यांनी हे नाटक १९५४ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल ओल्ड विक थिएटरच्या नेहमीच्या मंडळींसाठी लिहिले. तीन आठवडे चालावे एवढाच बेत. ते लंडनला व्होडव्हिल थिएटरात गेले आणि २,२८३ प्रयोग चालले. ऐकणाऱ्याला नाचायला लावणाऱ्या एका जादूच्या पियानोची ती गोष्ट. वाद्यमेळ म्हणाल तर दोन पियानो, एक डबल बास आणि ड्रम. त्यातल्या एका पियानोवर स्वतः स्लेड. गाणारे मूळचे नट, गवई नव्हेत. ओरिऑलच्या मोनो रेकॉर्डवर त्यांचे श्वास ऐकू येतात, सूर गाठताना केलेली किंचित धडपड ऐकू येते. हे नाटक लोकांना का आवडले याचे उत्तर त्या धडपडीत आहे.

काही वर्षांपूर्वी त्या काळातल्याच एका नाटकाच्या रेकॉर्डच्या दोन वेगवेगळ्या सीडी मी पाठोपाठ ऐकल्या. पहिलीत सुईची बारीक खरखर होती. दुसरीत खरखर पार नाहीशी झाली होती, आणि तिच्याबरोबर 'स' आणि 'श' यांची धारही. श्वास गेले होते. पियानोवर कोणी घोंगडी टाकावी तसा तो वाजत होता, आणि वर मूळ रेकॉर्डमध्ये नसलेला घुमारा चढवला होता. ती माणसे आता कुठल्याच जागेत उभी नव्हती. पैसे गेल्याचे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की हीच सीडी ज्याच्या हाती पहिल्यांदा पडेल तो म्हणेल, नाटक बेताचेच असावे.

स्वच्छतेला माझा विरोध नाही. ओरखड्याचा टकटक आवाज काढावा, ७८ च्या तबकडीचा वेग चुकला असेल तर सूर जागेवर आणावा. खरखर काढताना मात्र गळ्याला हात लागत असेल तर तिथे थांबावे. आणि काय केले ते लिहावे: मूळ टेप होती की एलपी, मोनो की स्टिरिओ, काय काढले, काय घातले. तबकडी लोकांपुढे आणणारा संपादकच असतो, आणि संपादकाने आपल्या दुरुस्त्या सांगायच्या असतात.

जादा गाण्यांचाही विचार याच अंगाने व्हावा. सीडीत जागा उरते, म्हणून लेबले त्या नाटकातल्या गाण्यांच्या लोकप्रिय गायकांनी केलेल्या आवृत्त्या जोडतात. 'ऑलिव्हर!'मधले नॅन्सीचे गाणे शर्ली बॅसीने १९६० मध्येच गाऊन गाजवले. एखादे नाट्यपद रंगमंचावरून उतरून घराघरात कसे शिरते याचा हा पुरावाच, म्हणून तो जोडण्यात मला गैर वाटत नाही. फक्त तो नाटकाच्या शेवटच्या सुरानंतर, थोडी शांतता ठेवून यावा. स्वस्तातल्या स्टुडिओ आवृत्त्यांनाही पूर्वी नाक मुरडले जाई. पण वर्ल्ड रेकॉर्ड क्लबच्या 'ऑलिव्हर!'मध्ये डॉजर या पात्राची गाणी गाणारा मुलगा स्टीव्ह मॅरियट होता, जो पुढे स्मॉल फेसेस या बँडचा आवाज झाला. कचरा काय आणि ठेवा काय हे पन्नास वर्षे आधी ठरत नाही.

काही गाण्यांबद्दल तर आपल्यासारख्या श्रोत्यालाच बोलायला हवे. 'व्हॅल्मथ'मधल्या त्या मालिशवालीचे नाव आहे मिसेस याज्ञवल्क्य. रोनाल्ड फर्बँकच्या १९१९ च्या कादंबरीतून ती आली. उष्ण प्रदेशातून आलेली, गूढ इलाज जाणणारी, मधाळ बोलणारी काळी बाई, आणि तिला नाव बृहदारण्यक उपनिषदातल्या ऋषीचे. पूर्व म्हणजे एकच मोठे मसाल्याचे दुकान, हा समज त्या नावात पुरता उतरला आहे. पहिल्यांदा ऐकताना मला धक्का बसला होता. तरी ही रेकॉर्ड काढू नये, किंवा नाव पुसून काढावी, असे मला वाटत नाही. क्लिओ लेनचे गाणे अप्रतिम आहे; शिवाय कृष्णवर्णीय अभिनेत्रीला मध्यवर्ती, ताकदीची भूमिका देणारी नाटके त्या काळच्या लंडनमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सोबतच्या पुस्तिकेत कोणीतरी त्या दोन्ही लिहिल्या पाहिजेत.

पुस्तिका म्हटले की आजची खरी अडचण समोर येते. सीडीचा बाजार आटला. मोठ्या कंपन्यांनी पुष्कळ जुने संच स्ट्रीमिंगवर टाकले, आणि वरवर पाहता सगळे काही उपलब्ध झाले. पण तिथे गाणे दिसते, गाणाऱ्या नटाचे नाव दिसत नाही. 'मूळ लंडन संच' एवढाच मोघम उल्लेख असतो. वाद्यमेळ कोणी रचला ते नसते. 'ऑलिव्हर!'च्या गुणगुणलेल्या चालींना रंगमंचाच्या मापाचे कपडे शिवले एरिक रॉजर्सने. किती श्रोत्यांना त्याचे नाव माहीत असेल? मालकी संपलेल्या रेकॉर्डींच्या निकृष्ट प्रती तर तिथे ढिगाने पडल्या आहेत, एकाच संचाच्या पाच-पाच, कुठून उतरवल्या त्याचा पत्ता नसलेल्या. दुसऱ्याने कष्टाने साफ केलेली सीडी उचलून स्वतःच्या नावावर चढवणे हेही कायद्याच्या त्याच फटीतून घडू शकते. छोट्या लेबलांची बाजू घेताना हा भाग मी नजरेआड करणार नाही. मोकळेपणाचा फायदा कष्ट करणाऱ्याला मिळतो तसा आळशालाही मिळतो.

एक शंका मनात राहतेच. कर्त्यालाच आपली जुनी कृती नको असेल तर? अँड्र्यू लॉइड वेबर आणि अॅलन एकबोर्न यांचे 'जीव्ज' १९७५ मध्ये सपशेल पडले. दोघांनी ते १९९६ मध्ये नव्याने लिहून 'बाय जीव्ज' म्हणून आणले, त्याची नवी रेकॉर्ड निघाली. पहिल्या नाटकाच्या एलपीवर त्यांनी पडदा टाकायचे ठरवले तर तो त्यांचा अधिकार आहे का? ते हयात आहेत तोवर मी त्यांच्या शब्दाला मान देईन. कायमचा मात्र नाही. पडलेल्या नाटकातून रंगभूमीचा इतिहास जितका कळतो तितका गाजलेल्या नाटकातून कळत नाही, आणि त्या रेकॉर्डवर त्या दोघांशिवाय आणखीही माणसे गायली आहेत.

रेकॉर्ड-निर्माते जॉन याप यांनी आपल्या लेबलांमधून अनेक संगीत नाटकांचे पूर्ण संगीत, एलपीत न मावलेल्या तुकड्यांसकट, नव्या गायकांकडून मुद्रित करून घेतले. काहींच्या मते हाच खरा उपाय: जुन्या खरखरीच्या मागे कशाला लागायचे, नवी परिपूर्ण रेकॉर्ड करावी. मी त्या रेकॉर्डी आवडीने ऐकतो. त्यातून नाटकाचे संगीत पूर्ण कळते. १९५४ चे लंडन, युद्धातून बाहेर येऊन शिधापत्रिका नुकत्याच फाडलेल्या माणसांचा तो हलका सूर, त्यातून कळत नाही. तो ज्या गळ्यांत होता ते गळे एकदाच होते.

म्हणून माझा निर्णय असा. जुन्या संचांच्या रेकॉर्डी पुन्हा काढणाऱ्या छोट्या लेबलांना पाठिंबा द्यावा, मग त्या मालकी संपलेल्या असोत वा परवानगीच्या. मात्र मूळ स्रोत, केलेली दुरुस्ती, गायक, वादक आणि वाद्यमेळ रचणारा यांची नावे न छापणाऱ्याची सीडी घेऊ नये, ऐकूही नये. मूळ कंपन्यांनी ज्या टेपा स्वतः काढायच्या नाहीत त्या माफक मोबदल्यात उतरवून द्याव्यात, त्यात त्यांचे काहीच बुडत नाही. 'वापरा नाहीतर सोडा' या नियमातली कलाकाराच्या नोटिशीची अट काढून टाकावी; पन्नास वर्षे उलटल्यावर रेकॉर्ड बाजारात नसेल तर ती आपोआप मोकळी व्हावी, आणि मोकळी झाल्यावरही काढणाऱ्याने हयात कलाकारांसाठी ठरावीक हिस्सा द्यावा. ध्वनिमुद्रणाची एक प्रत राष्ट्रीय संग्रहात जमा करणे पुस्तकाप्रमाणेच बंधनकारक व्हावे.

हे झाले नाही तर तारखेची वाट पाहणे एवढेच हाती राहते. 'हाफ अ सिक्सपेन्स', 'पिकविक' आणि 'ओह, व्हॉट अ लव्हली वॉर' या तिन्ही १९६३ च्या रेकॉर्डी. ब्रिटनमध्ये त्यांच्यावरचा हक्क ३१ डिसेंबर २०३३ रोजी संपेल.